टाचणीच्या आईची खुर्ची

पट्ट्या गुंडाळायचं काम आज अर्ध्यावर राहिलं. एक गुंडाळून झाली होती, दुसरी माझ्या मांडीवरून खाली फरशीपर्यंत लोळत होती, आणि तेवढ्यात फोन वाजला.

या पट्ट्या माझ्या दिराच्या. हातमोजे घालण्याआधी मुठीला आणि मनगटाला आवळून बांधतात त्या. माणसाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब असतात आणि बादलीत एकदा पडल्या की एकमेकींत अशा गुंततात की दोन सवती बऱ्या. गुंडाळायला सुरुवात चिकटपट्टीच्या टोकाकडून करायची, म्हणजे ते टोक आत राहतं. उलट गुंडाळली तर जिममध्ये त्याला सगळी उलगडून पुन्हा गुंडाळावी लागते, तोवर कोच घड्याळ दाखवत उभे. सुरुवातीला मी कितीतरी वेळा उलट गुंडाळल्या. तो कधी चिडला नाही. घरी येऊन एवढंच म्हणायचा, "वहिनी, आज तुमच्या कृपेने मार जरा उशिरा खाल्ला. आभारी आहे."

फोन त्याचाच होता. लाँड्रीतून. मागे यंत्रांची घरघर इतकी की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

"बोलावणं आलंय, वहिनी," तो ओरडून म्हणाला. "दादाला सांगा. आईला काही बोलू नका, मी येऊन सांगतो."

फोन ठेवला आणि पट्टी हातात घेऊन तशीच बसून राहिले. पलीकडच्या खोलीत सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचा जप चालला होता की डुलकी, ते त्यांनाच ठाऊक. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, आणि काय मागायचं तेच सुचेना. जिंकू दे म्हणू, की लागू देऊ नको म्हणू? इतकी वर्षं झाली, माझं हे मागणं काही एका जागी ठरत नाही.

मी या घरात आले तेव्हा हा शाळेत होता. इतका किडकिडीत, की गल्लीने त्याचं नाव टाचणी ठेवलेलं. दारातून आत आला तर दार उघडल्याचा आवाज व्हायचा पण माणूस दिसायचा नाही, असं आमचे हे चिडवायचे. अंगाने भरला तरी नाव तेच राहिलं. पुढे तो पहिल्यांदा पिंजऱ्यात उतरला, तेव्हा माइकवर पुकारणाऱ्या माणसाने विचारलं, काय नावाने पुकारू? बाकीचे कोणी वाघ होते, कोणी वादळ, एक तर हातोडा होता. हा म्हणाला, टाचणी. सगळं सभागृह हसलं.

"हसू दे की," नंतर तो मला म्हणाला. "हसणाऱ्याचं पोट पुढे आलेलं असतं. टोचायला बरं."

पिंजरा म्हणजे खराच. आठ बाजूंची जाळी, आत दोन माणसं आणि एक पंच. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकत्र. खाली पाडलं तरी लढत संपत नाही, खालीही चालूच. समोरच्याने हात किंवा मान अशी अडकवली की आता मोडणार, तर अंगावर किंवा जमिनीवर हात थोपटायचा. म्हणजे हार मानली. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कानांवर हात ठेवले होते. आता वाणसामानाच्या दुकानातल्या बाईला मी हे समजावून सांगते आणि ती कानांवर हात ठेवते.

त्याला हा नाद लागला तो कामामुळेच. शाळा सुटली तशी तो लाँड्रीत लागला. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे धुवायला येतात. ओल्या बाजूला याची नेमणूक. मोठ्या यंत्रातून ओल्या चादरींचा गुंता बाहेर ओढायचा आणि सुकवायच्या यंत्रात कोंबायचा. ओली चादर धरायला जागा देत नाही, निसटते, अंगावर येते. दिवसभर हेच. दंड भरले ते त्यानेच. मागच्या गोदामात जिम निघालं आणि तिथले टॉवेल लाँड्रीत येऊ लागले. धुतलेले टॉवेल पोचवायला हा जायचा आणि दारात रेंगाळायचा. एक दिवस कोच म्हणाले, "उभंच राहायचं असेल तर बूट काढून आत ये आणि मॅटवर उभा राहा." तो बूट काढून आत गेला, तो आजपर्यंत बाहेर आलेला नाही, असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्यांदा डोळा सुजवून घरी आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "पडलास का रे?"

"हो आई."

"कुठे?"

"एका माणसावर."

त्या हसल्या नाहीत. ओलं फडकं आणून त्याच्या डोळ्यावर धरलं आणि म्हणाल्या, "तुला काय करायचं ते कर. पण मला बघायला बोलावू नकोस. एवढासा होतास तेव्हा तुझ्या अंगाला वारा लागू दिला नाही मी. आता तिकीट काढून तुला बडवताना बघू?"

तिकीट काढावं लागत नाही, लढणाऱ्याच्या घरच्यांना पास मिळतात, हे त्याने सांगून पाहिलं. त्यांनी फडकं जरा जोरात दाबलं.

तरी तो प्रत्येक वेळी आईच्या नावाचा पास घ्यायचाच. पिंजऱ्याच्या अगदी जवळ, आमच्या ह्यांच्या शेजारची खुर्ची. ती रिकामी राहायची, आणि दुसऱ्या कोणी बसू नये म्हणून हे तिच्यावर त्याचं जाकीट घालून ठेवायचे. मी एकदाच गेले होते. नामस्मरण करत डोळे मिटून बसले, पण लोकांचा ओरडा वाढला की पापण्या आपोआप उघडायच्या. तो चांगला लढत होता. डाव्या हाताने समोरच्याला लांब ठेवायचा, मग खाली वाकून कमरेत शिरायचा. एक ठोसा असा बसला की समोरच्याचे गुडघे हलले. आता हा सोडणार नाही असं वाटलं, आणि याने मान वळवून त्या खुर्चीकडे बघितलं. तेवढंच. पुढच्या क्षणी तो खाली होता, दुसऱ्याचा हात त्याच्या गळ्याभोवती. त्याचा तळहात मॅटच्या वर नुसता थरथरत राहिला, बराच वेळ. मग थोपटला.

"समोर बघ म्हणून किती वेळा सांगायचं?" कोच त्याच्या अंगावर ओरडले. "खुर्ची काय तुझ्या बदली लढणार आहे?"

तो पाणी पीत राहिला. मला म्हणाला, "वहिनी, मघाचा ठोसा बरा बसला ना? तुम्ही घरी सांगाल तिला?"

मी सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवला का तो?"

असं बरंच चाललं. जिंकल्या त्यापेक्षा हरलेल्या लढती जास्त. एकदा नाक मोडलं, एकदा बरगडीला चीर गेली. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "आधी हे नाक सरळ होऊ दे, मग फोटो पाठवू." लाँड्रीतले इस्त्रीवाले मामा त्याला म्हणायचे, "अरे, मार खायचाच असेल तर लग्न कर, घरबसल्या मिळतो." सगळे हसायचे, हाही हसायचा, पण जिमची वेळ झाली की चादरी यंत्रात टाकून निघायचा.

मग ती मोठी लढत आली. आमच्याच गावातल्या मोठ्या क्रीडागृहात, टीव्हीवर दाखवणार होते. समोरचा नावाजलेला होता. कोच सांगायला घरी आले आणि दारातून निघताना आमच्या ह्यांना हळूच म्हणाले, "यानंतर असं मिळेल का सांगता येत नाही. वय कोणासाठी थांबतं?" सासूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांच्या कानाला काही झालेलं नाही, हे आम्ही नेहमी विसरतो.

कोच गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्या खुर्चीवर कोण बसतं?"

"कोणी नाही," हे म्हणाले. "त्याचं जाकीट असतं."

"या वेळी जाकीट तुझ्या मांडीवर घे. मी बसते."

टाचणी तेव्हा पाणी पीत होता. त्याला ठसका लागला. एवढा मोठा बाप्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकत राहिला, आणि ठसका थांबल्यावरही पाणी थांबेना. मग तो उठून गच्चीवर गेला.

त्यांची ठेवणीतली शाल ट्रंकेतून निघाली. इस्त्रीवाल्या मामांनी ती स्वतः हाताने इस्त्री केली, यंत्रात घालू दिली नाही.

आता या खेळात एक गोष्ट अशी आहे की लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहावं लागतं. ठरलेल्या वजनाच्या वर भरलं तर लढत मोडू शकते. म्हणून आधीचे काही दिवस लढणारे अंगातलं पाणी कमी करतात. त्यासाठी मीठ पूर्ण बंद, कारण मीठ खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. कोचनी मला बसवून समजावलं होतं: भाज्या उकडायच्या, पातळ सूप करायचं, आणि मिठाचा कणही घालायचा नाही. मी त्याचं भांडंच वेगळं केलं. त्याचं रांधताना मिठाची बरणी फळीवर वरती ठेवायची. तो लाँड्रीतल्या इस्त्रीच्या खोलीत, वाफेत, प्लॅस्टिकचा सूट घालून दोरीवरच्या उड्या मारायचा. मामा म्हणायचे, "आज चादरी कमी आणि हाच जास्त धुऊन निघाला."

गालफडं बसली. डोळे आत गेले. जिन्यात कठडा धरून चढायचा. सासूबाई हे सगळं बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या त्याला लढताना बघणार होत्या, आणि त्याआधी तो असा वाळत चाललेला. त्या मला म्हणाल्या, "तू दिवसभर राबतेस, त्याचं ताट मी वाढते." मला बरंच वाटलं. मायलेक समोरासमोर बसायचे. तो सूप प्यायचा, त्या वाटी रिकामी होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायच्या.

वजनाच्या दिवशी सकाळी हे त्याच्याबरोबर गेले. पुढचं ह्यांनी मला सांगितलं ते असं. तो काट्यावर चढला. आकडा जास्त आला. थोडासाच, एखाद्या वाटीत मावेल एवढं पाणी. कपडे काढले, टॉवेल आडवा धरला, पुन्हा चढला. तरी जास्तच. नियमाप्रमाणे एक तास मिळतो. प्लॅस्टिकचा सूट चढवून तो क्रीडागृहाच्या पायऱ्या चढू-उतरू लागला, आणि मागे टॉवेल घेऊन आमचे हे, ज्यांना बस पकडायलाही पळवत नाही. कोच म्हणत होते, घाम का येत नाही, घाम का येत नाही. अंगाने पाणी घट्ट धरून ठेवलं होतं, सोडायलाच तयार नव्हतं. शेवटी ह्यांनी कुठून तरी कात्री आणली आणि त्याचे केस कापले. केसांचं असं कितीसं वजन? पण त्या वेळी माणसाला काहीही सुचतं. तिसऱ्यांदा काट्यावर चढला तेव्हा अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच.

समोरच्याच्या लोकांनी मान हलवली. नियम तो नियम. लढत मोडली.

तो घरी आला तेव्हा सासूबाई खिडकीजवळ बसल्या होत्या, शाल घडी करून शेजारी ठेवलेली. उद्या न्यायची म्हणून आजपासूनच बाहेर.

"डोक्याला काय केलंस हे?"

"फॅशन आहे, आई."

"उद्या असाच जाणार लोकांसमोर?"

"उद्या नाही जायचं. रद्द झाली."

"का?"

"वजन जरा जास्त भरलं."

"कोणाचं?"

"माझं."

सासूबाईंना खरंच हसू आलं. "तुझं? टाचणीचं? काटा बिघडलाय त्यांचा."

"असेल," तो म्हणाला.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. सासूबाईंनी त्याच्या ताटात आणखी वाढलं आणि समजूत घालावी तसं म्हणाल्या, "जाऊ दे रे. जीव शाबूत आहे ना? मी आपली गुपचूप त्या सुपात मीठ घालत होते, म्हणून निदान पायावर उभा तरी राहिलास. ही काय, कोचने सांगितलं म्हणून बिनमिठाचं घालते. मीठ नसलं तर माणूस चक्कर येऊन पडेल की नाही?"

ह्यांनी तोंड उघडलं, आणि लगेच मिटलं, कारण खालून त्यांच्या पायावर टाचणीचा पाय पडला होता. तो त्यांना नंतर दोन दिवस दुखत होता.

टाचणीने घास गिळला. "हो आई," तो म्हणाला. "त्यामुळेच उभा राहिलो. आणखी वाढ थोडं."

भांडी घासताना तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. "वहिनी, यातलं एक अक्षरही तिला कळता कामा नये. दादालाही सांगा."

"तुला चवीवरून नाही कळलं?" मी विचारलं. मला रागही आला होता आणि रडूही येत होतं.

"शेवटचे दोन-तीन दिवस सूप फार चांगलं लागायला लागलं. मला वाटलं, भुकेने जीभ फिरली माझी. आणि ती समोर बसून बघायची ना. इतका वेळ ती माझ्याकडे कधी बघत बसली होती, सांगा. चवीकडे कोणाचं लक्ष असतं?"

त्यानंतर बोलावणं येणं बंद झालं. ठरल्या वजनात न बसणाऱ्यावर आयोजक विश्वास टाकत नाहीत, एकदा ठपका लागला की लागला. तो रोज लाँड्रीत जातो, संध्याकाळी जिममध्ये नवशिक्यांना शिकवतो. सराव सोडलेला नाही. सकाळी गच्चीवर एकटाच ठोसे मारत, पाय बदलत फिरतो, जणू समोर कोणी आहे. सासूबाई स्टुलावर बसून असतात. त्यांची नजर आता अधू झाली आहे, उन्हात तर फक्त आकृती दिसते म्हणतात. पण बसतात.

"आज पाय घासतोयस," त्या म्हणतात.

"तू बघतेस की ऐकतेस?"

"तुला काय करायचंय? तू नाच."

मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, रोज तर बघतात त्या तुला. आणखी काय हवंय?"

तो पट्टी सोडत होता. "गच्चीवर मला कोणी मारत नाही, वहिनी," तो म्हणाला. "मला मार बसतो आणि तरी मी उभा असतो, तेवढं एकदा तिने बघायला हवं. तिला अजून वाटतं मी मोडेन. झोपेत दचकते ती. जिंकलो नाही तरी चालेल मला."

संध्याकाळी दिवा लावताना तेव्हापासून मी हेच मागते, त्याच्याच शब्दांत.

पहिली दोन वर्षं सासूबाई आठवड्यातून एकदा तरी त्याला विचारायच्या, "पुन्हा कधी आहे रे?" तो म्हणायचा, "येईल की." गेल्या वर्षी त्याच्या खांद्याला लागलं तेव्हा कोच घरी येऊन गेले. मी चहा करत होते, तोवर त्या कोचशी बराच वेळ बोलत बसल्या. त्यानंतर त्यांनी विचारायचं सोडलं. मला वाटलं, आशा सोडली असेल. म्हातारपणी माणूस हळूहळू एकेक मागणं सोडत जातो, तसं.

आज तो नेहमीपेक्षा लवकर आला. अंगाला साबणाचा आणि वाफेचा वास, हातांची कातडी पाण्याने पांढरी पडलेली. हेही कामावरून येऊन बसले होते. मी खुणेनेच विचारलं, सांगू का? त्याने नको म्हणून मान हलवली आणि स्वतःच आईसमोर जमिनीवर बसला.

"आई, बोलावलंय. पुढच्या महिन्यात. त्याच क्रीडागृहात."

सासूबाईंनी हात पुढे करून त्याचं डोकं चाचपलं. का ते मला माहीत आहे. केस आहेत का बघितलं. "कोणाशी?"

"तसं ठरलेलं नाही. मी राखीव आहे."

"म्हणजे?"

"दोघं लढणार आहेत. त्यातला एक आजारी पडला, त्याला लागलं किंवा तो वजनात बसला नाही, तर त्याच्या जागी मी. नाहीतर पट्ट्या बांधून आत बसून राहायचं."

"म्हणजे राखून ठेवलेला," त्या म्हणाल्या. "आम्ही चांगली शाल राखून ठेवतो तसा."

"तसाच," तो हसला. "ट्रंकेतून निघेनच असं नाही."

"मी येणार."

"अगं, लढत होईलच असं नाही. एवढ्या गर्दीत येऊन..."

"होईल नाही होईल, ते देवाकडे. मी खुर्चीवर बसते, तू आत बस. मला दिसलं नाही तर ही सांगेल." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "डोळे उघडे ठेवून सांगायचं हं, मागच्यासारखं नको."

तो आईच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिला.

राखीव असला तरी काट्यावर चढावं लागतंच. वजनही तेच, मागचंच. म्हणजे उकडलेल्या भाज्या, पातळ सूप, आणि मीठ बंद. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या ह्यांनी बहुधा येतानाच बेत रचलेला होता, कारण त्यांनी एकदम खाकरून सुरुवात केली.

"आई, मला सांगायचंच राहिलं. डॉक्टरकडे गेलो होतो. बीपी वाढलंय माझं. मीठ पूर्ण बंद सांगितलंय. तर मी म्हणतो, महिनाभर घरात मीठच नको. सगळ्यांनीच बिनमिठाचं खाऊ."

ह्यांना खोटं बोलता येत नाही. बोलताना कान लाल होतात. मी आतल्या आत म्हटलं, देवा, माफ कर, कोणासाठी बोलतायत ते तुला दिसतंय.

सासूबाई उठल्या. भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या. फळीवरचे डबे चाचपल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत मिठाची बरणी होती, पोटाशी धरलेली.

"तुझं बीपी राहू दे," त्या ह्यांना म्हणाल्या. मग बरणी धाकट्यापुढे धरली. "ही घराबाहेर ठेव. फळीवर राहिली की माझा हात जातो."

ह्यांचे कान आणखी लाल झाले.

"आई," तो म्हणाला, "तुला कोणी..."

"कोच आले होते तेव्हा मीच विचारलं. मीठ खाल्लं तर वजनाला काय होतं हो, म्हटलं. त्यांना काय माहीत मी का विचारतेय? त्यांनी सरळ सांगितलं." त्यांचा आवाज नेहमीचा. "आणि तू मला म्हणालास, त्यामुळेच उभा राहिलो. वाढूनही घेतलंस आणखी."

"चांगलं झालं होतं जेवण," तो खाली बघत म्हणाला.

"गाढवा," त्या म्हणाल्या. "धर आता. जड आहे."

त्याने उठून बरणी घेतली. दोघांचे हात थोडा वेळ तिच्यावर राहिले, मग त्यांनी आपले काढून घेतले आणि भिंत धरून पुन्हा जागेवर जाऊन बसल्या. मला म्हणाल्या, "शाल बाहेर काढ. हवा लागू दे तिला." आणि त्याला, "उभा काय राहिलायस?"

ती अर्धवट पट्टी अजून माझ्या हातात आहे, आता ती पुरी करते. तो चपला घालून निघाला आहे, मिठाची बरणी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे ठेवायला.